साडेसात लाख कार्डे, एक कच्ची चावी: एस्टोनियाचे २०१७ मधील ओळखपत्र संकट

पार्श्वभूमी

बाल्टिक समुद्राकाठचा एस्टोनिया हा तेरा लाख वस्तीचा देश, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहूनही लहान. २००२ पासून तिथे चिप असलेले ओळखपत्र दिले जाते आणि नागरिकांना ते घेणे सक्तीचे आहे. आपल्या आधारशी तुलना करण्याचा मोह होतो, पण दोन्हींच्या रचनेत मूलभूत फरक आहे. आधार हा मुळात क्रमांक आहे. त्याची पडताळणी मध्यवर्ती सर्व्हरवर, बोटांच्या ठशांनी किंवा ओटीपीने होते. एस्टोनियाच्या कार्डात माणसाची गुप्त चावी, म्हणजे ओळख पटवणारा एक लांबलचक गुप्त आकडा, चिपच्या पोटात असते आणि तिथून ती कधीच बाहेर पडत नाही, या गृहीतकावर सगळा डोलारा उभा आहे.

चिपमध्ये चाव्यांच्या दोन जोड्या असतात; प्रत्येक जोडीत एक चावी गुप्त, दुसरी सार्वजनिक. पहिली लॉगिनसाठी, तिला चार आकडी पिन. दुसरी सहीसाठी, तिला पाच आकडी पिन. दुसऱ्या पिनने केलेली सही कायद्याने हाताच्या सहीच्या तोडीची. बँक, प्राप्तिकर विवरण, कंपनी नोंदणी, डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन आणि २००५ पासून मतदानही या कार्डावर चालते.

या देशाला सायबर सुरक्षेचा धडा २००७ मध्येच मिळाला होता. राजधानी तालिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवण्याच्या वादातून एप्रिल-मेमध्ये बँका, वृत्तपत्रे आणि मंत्रालयांच्या संकेतस्थळांवर बनावट विनंत्यांचा भडिमार झाला. पुढच्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण मंजूर केले आणि नाटोचे सायबर संरक्षण केंद्र तालिनमध्ये उभे राहिले. मात्र तो हल्ला बाहेरून आलेला होता आणि डोळ्यांना दिसणारा होता. २०१७ मध्ये जे समोर आले ते नागरिकांच्या खिशातच होते आणि तीन वर्षे कुणाला दिसले नव्हते.

जबाबदारी कुणाकुणात वाटलेली होती, तेही पाहू. कार्ड देण्याचे काम पोलीस आणि सीमा सुरक्षा मंडळाचे. डिजिटल यंत्रणेवर देखरेख ‘रिआ’ या माहिती यंत्रणा प्राधिकरणाची. प्रमाणपत्रे, म्हणजे अमुक चावी अमुक माणसाची असे सांगणारे डिजिटल दाखले, देणारी ‘एसके आयडी सोल्युशन्स’ ही खासगी कंपनी. कार्ड बनवून देण्याचा ठेका जेमाल्टोकडे. कार्डातली चिप आणि त्या चिपवर चावी तयार करणारे सॉफ्टवेअर इन्फिनिऑन या जर्मन कंपनीचे. सरकारचा थेट करार होता तो जेमाल्टोशी. दोष निघाला त्याच्याही एक पायरी पलीकडे.

अडचण नेमकी काय होती

३० ऑगस्ट २०१७ रोजी रिआला परदेशी संशोधकांकडून निरोप आला. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातील मासारिक विद्यापीठाच्या गटाला आढळले होते, की इन्फिनिऑनचे सॉफ्टवेअर आरएसए पद्धतीच्या ज्या चाव्या बनवते त्या वाटतात तितक्या मजबूत नाहीत. हा दोष पुढे ‘रोका’ या नावाने ओळखला गेला.

शाळेत आपण संख्यांचे अवयव पाडायला शिकतो. आरएसएची सगळी ताकद त्याच गणितात आहे. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार सार्वजनिक चावी म्हणून जगाला द्यायचा. गुणाकारावरून मूळ दोन संख्या शोधणे अशक्यप्राय असते, पण एका अटीवर: त्या संख्या खरोखर कशाही, कुठूनही निवडलेल्या हव्यात. चिमुकल्या चिपवर एवढ्या मोठ्या मूळ संख्या शोधायला वेळ लागतो. तो वाचवण्यासाठी या सॉफ्टवेअरने एक आडवाट धरली होती. २०४८ बिटच्या चावीसाठी पहिल्या १२६ मूळ संख्यांचा (२, ३, ५ पासून ७०१ पर्यंत) गुणाकार घ्यायचा, ६५५३७ च्या एखाद्या घाताला त्याच गुणाकाराने भागून उरलेली बाकी त्याच्या कुठल्या तरी पटीत मिळवायची, आणि आलेली संख्या मूळ आहे का ते तपासायचे. संख्या दिसायला अवाढव्य, पण तिचा बराचसा साचा आधीच ठरलेला. नशिबावर सोडलेला भाग थोडाच.

यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली अशी की चावी या साच्यातली आहे का, हे नुसत्या सार्वजनिक चावीकडे पाहून क्षणार्धात ओळखता येते. बचाव करणाऱ्यांना ते सोयीचे, आणि सावज शोधणाऱ्यांनाही. दुसरी म्हणजे अवयव पाडण्याचा खर्च आवाक्यात आला. संशोधकांच्या हिशेबाने २०४८ बिटची एक चावी फोडायला जास्तीत जास्त १४० प्रोसेसर-वर्षे (म्हणजे एकाच प्रोसेसरला १४० वर्षे) लागली असती. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर काम वाटून दिले तर खर्च २० ते ४० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १३ ते २६ लाख रुपये. १०२४ बिटच्या चावीला तर ४० ते ८० डॉलर पुरले असते. एस्टोनियाच्या कार्डांत २०४८ बिटच्या चाव्या होत्या.

या हल्ल्याला कार्ड लागत नाही आणि पिनही लागत नाही. सार्वजनिक चावी मिळाली की पुरे. एस्टोनियात तर कुणाचीही सार्वजनिक चावी देणारी खुली यादी इंटरनेटवर होती, कारण एखाद्याला कुलूपबंद फाइल पाठवायची तर त्याची सार्वजनिक चावी हवी. सोय म्हणून ठेवलेली यादी आता हल्लेखोराच्या कामाची झाली होती.

दोष होता १६ ऑक्टोबर २०१४ पासून दिलेल्या कार्डांत. पहिल्या मोजणीत आकडा साडेसात लाखांच्या आसपास निघाला, म्हणजे वापरातल्या कार्डांपैकी निम्म्याहून अधिक. त्याआधीची कार्डे वेगळ्या चिपची असल्याने सुरक्षित होती. मोबाइलच्या सिममध्ये चावी ठेवणारी ‘मोबाइल-आयडी’ सेवाही या दोषापासून मोकळी होती. ही चिप आंतरराष्ट्रीय निकषांवर प्रमाणित झालेली होती, हेही विसरू नये. चावी बनवण्याची पद्धत बंदिस्त होती, बाहेरच्या गणितज्ञांनी ती कधी पाहिली नव्हती, आणि प्रमाणपत्राच्या शिक्क्याने ती उणीव भरून निघाली नाही.

पहिला निर्णय: बोलायचे की मूठ झाकलेली ठेवायची

गप्प बसण्याच्या बाजूने सबळ कारणे होती. संशोधकांनी इन्फिनिऑनला फेब्रुवारीतच कळवले होते आणि तपशील ऑक्टोबरपर्यंत जाहीर न करण्याचे ठरले होते. तोड हाती नसताना ‘आमची कार्डे कच्ची आहेत’ असे सांगणे म्हणजे हल्लेखोराला पत्ता देण्यासारखे. इतर देशांतही हीच चिप होती आणि त्यांनी तोंड उघडले नव्हते. त्यातच १५ ऑक्टोबरला स्थानिक निवडणुका होत्या.

बोलण्याच्या बाजूनेही तितकेच वजन होते. दुरुस्तीचे काम पाच-सहा संस्थांत आणि शेकडो लोकांत होणार होते. महिनाभर ते गुपित राहील ही आशा भाबडी ठरली असती. निवडणुकीनंतर बातमी फुटली असती तर ‘माहीत असूनही मतदान उरकले’ हा आरोप कायमचा चिकटला असता.

सरकारने सहा दिवसांत निर्णय घेतला. ५ सप्टेंबरला पंतप्रधान, पोलीस आणि रिआचे प्रमुख एकत्र पत्रकारांसमोर आले. सैद्धांतिक धोका आहे, प्रत्यक्ष गैरवापराची एकही नोंद नाही, कार्डे चालू राहतील, सार्वजनिक चाव्यांची यादी बंद करत आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. दोषाचे गणित सांगितले नाही. धोका उघड करायचा पण पद्धत नाही, ही रेघ त्यांनी नीट सांभाळली.

यादी बंद करण्याला मर्यादा होत्या. सही केलेल्या प्रत्येक फाइलमध्ये सही करणाऱ्याची सार्वजनिक चावी जाते आणि ज्या संकेतस्थळावर लॉगिन करावे त्यालाही ती मिळते. दार लावले तरी खिडक्या उघड्याच होत्या. तरीही त्या निर्णयात अर्थ होता: एका बैठकीत लाखो चाव्या गोळा करणे त्यामुळे कठीण झाले.

दुसरा निर्णय: निवडणूक

इंटरनेट मतदान ५ ऑक्टोबरपासून सुरू व्हायचे होते. ते रद्द करावे अशी मागणी विरोधी पक्षातून झाली. निवडणूक समितीने मतदान ठरल्याप्रमाणे होईल असे दुसऱ्याच दिवशी स्पष्ट केले.

त्यामागचा हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. एका चावीला २० हजार डॉलर धरले तरी साडेसात लाख चाव्यांना १५०० कोटी डॉलर होतात. नगरपालिकांच्या निवडणुकीत मते फिरवायला एवढा खर्च कोण करील? सरासरीने पाहिले तर हा युक्तिवाद बिनतोड आहे.

पण सरासरी हे इथे अपुरे माप होते. हल्लेखोराला सगळी कार्डे नको असतात, त्याला एकच हवे असते. एखाद्या मंत्र्याच्या नावाने सही, एखाद्या कंपनीच्या संचालकाच्या नावाने मालकी हस्तांतरण, किंवा पूर्वी कुलूपबंद करून पाठवलेली एखादी नाजूक फाइल. अशा सावजापुढे १३-२६ लाख रुपये म्हणजे किरकोळ गुंतवणूक. मतदानाबाबतचा निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे, पण त्यासाठी वापरलेला हिशेब इतर सेवांना लागू पडत नव्हता आणि हा फरक तेव्हा लोकांपुढे पुरेसा मांडला गेला नाही. मतदान पार पडले, सुमारे १ लाख ८६ हजार लोकांनी इंटरनेटवरून मत दिले आणि हे प्रमाण प्रत्यक्ष मत देणाऱ्यांच्या जवळपास ३२ टक्के होते.

तिसरा निर्णय: तोड कोणती

समोर मोजके रस्ते होते.

सगळी कार्डे बदलून देणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. पण साडेसात लाख कार्डे छापून, प्रत्येक माणसाला कार्यालयात बोलावून हातात देण्याची क्षमता कुठेच नव्हती. या कामाला कितीतरी महिने लागले असते.

त्याच कार्डांत आणखी लांब आरएसए चावी घालणे हा दुसरा रस्ता. गंमत अशी की या दोषात लांबी आणि मजबुती यांचे नाते सरळ नाही. संशोधकांच्या तक्त्यात ३०७२ बिटची चावी ४०९६ बिटच्या चावीपेक्षा फोडायला अवघड निघते, कारण साच्यातल्या गुणाकाराचा आकार टप्प्याटप्प्याने बदलतो. ‘चावी मोठी करा, प्रश्न मिटेल’ हा नेहमीचा सल्ला इथे आंधळा ठरला असता. शिवाय चावी बनवणारे सॉफ्टवेअर तेच राहिले असते.

तिसरा रस्ता, चावी बाहेरच्या सुरक्षित यंत्रात बनवून कार्डात उतरवणे. पण चावी चिपमध्येच जन्मते आणि तिथेच राहते, या मूळ हमीलाच त्यामुळे तडा गेला असता.

चौथा रस्ता आरएसए सोडण्याचा. त्याच चिपमध्ये ‘इलिप्टिक कर्व्ह’ या वेगळ्या गणितावर चालणाऱ्या चाव्या बनवण्याची सोय होती आणि तिला या दोषाची बाधा नव्हती. हाच मार्ग निवडला गेला, ३८४ बिटच्या चाव्यांसह.

कागदावर ही एका ओळीची गोष्ट. प्रत्यक्षात साखळीतला प्रत्येक दुवा बदलावा लागला. कार्डातला प्रोग्राम, प्रमाणपत्र देणारी यंत्रणा, नागरिकांच्या संगणकावरचे आयडी सॉफ्टवेअर, ब्राउझरचे जोड-प्रोग्राम, सही तपासणारी सॉफ्टवेअर लायब्ररी, आणि शेवटी बँका, रुग्णालये, सरकारी खाती यांचे स्वतःचे सर्व्हर. वर्षानुवर्षे चावी म्हणजे आरएसएच, असे धरून लिहिलेला कोड अशा वेळी जागोजागी अडतो. कुठे डेटाबेसमधल्या रकान्याची लांबी ठरीव असते, कुठे सहीचा प्रकार कोडमध्येच घट्ट लिहून ठेवलेला असतो. एका बँकेने नवी चावी ओळखली आणि दुसरीने नाही, तर नागरिकाच्या लेखी कार्डच बिघडलेले.

या वेळी एक तयारी कामी आली. घरी बसून, कार्ड रीडरमध्ये कार्ड घालून प्रमाणपत्र बदलण्याची सोय एस्टोनियाने आधीच्या, वेगळ्या कारणांसाठी उभी करून ठेवली होती. ती नसती तर तहान लागल्यावर विहीर खणावी लागली असती, आणि तीही दोन महिन्यांत. कार्ड दूरवरून बदलता येते या एका गोष्टीने या प्रकरणाचा निकाल ठरवला, असे म्हटले तरी चालेल.

चौथा निर्णय: प्रमाणपत्रे केव्हा थांबवायची

सर्वांत अवघड निर्णय हाच होता.

प्रमाणपत्र लगेच थांबवले तर धोका संपतो, पण निम्मा देश डिजिटल सेवांबाहेर जातो. उशीर केला तर सेवा चालू राहतात, पण दर दिवशी धोका वाढतो. आधी थांबवून नंतर दुरुस्ती करावी, की दुरुस्ती तयार होईपर्यंत थांबू नये? सरकारने दुसरी वाट धरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबर तोड उभी करण्यात घालवले.

१६ ऑक्टोबरला दोषाची बातमी जगभर झाली. महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॅलस इथल्या परिषदेत संशोधकांचा निबंध पूर्ण तपशिलासह येणार होता. म्हणजे तोवर एका गटाच्या हातात असलेली पद्धत आता कुणालाही वाचता येणार होती, आणि कुणीतरी ती सुधारून आणखी स्वस्त करील हेही उघड होते. निबंध आल्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या गणितज्ञांनी हल्ला वेगवान करण्याची युक्ती मांडलीसुद्धा.

२ नोव्हेंबरला सरकारने जाहीर केले: शुक्रवार, ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून सदोष कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित. त्यांची संख्या सुमारे ७ लाख ६० हजार होती.

इथे ‘स्थगित’ आणि ‘रद्द’ यांतला फरक कळीचा आहे. रद्द केलेले प्रमाणपत्र पुन्हा जिवंत होत नाही आणि दूरवरून बदलण्यासाठी लागणारी ओळख पटवण्याची सोयही त्याबरोबर जाते. स्थगितीत सही आणि लॉगिन बंद, पण नवे प्रमाणपत्र घेण्यापुरती वाट उघडी. नागरिकांना ३१ मार्च २०१८ पर्यंत मुदत मिळाली, त्यानंतर उरलेली प्रमाणपत्रे रद्द झाली. प्लास्टिकचे कार्ड छायाचित्र-ओळखपत्र आणि प्रवासाचे कागद म्हणून या सगळ्या काळात वैधच होते.

जुन्या सह्यांचे काय, हा प्रश्न लगेच आला. एस्टोनियाच्या सही केलेल्या फाइलमध्ये, सही केली त्या क्षणी प्रमाणपत्र वैध होते असा प्रमाणपत्र-सेवेचा वेळेसह पुरावा जोडलेला असतो. त्यामुळे स्थगितीपूर्वीच्या सह्या टिकल्या. हा पुरावा नुसत्या तारखेवर अवलंबून असता, तर तीन वर्षांतले करार, ठराव आणि अर्ज वादात सापडले असते.

कुलूपबंद फाइलींचे तसे नव्हते. नवी चावी आली की जुनी चिपमधून पुसली जाते आणि जुन्या चावीसाठी बंद केलेली फाइल कायमची बंद राहते. म्हणून कार्ड अपडेट करण्याआधी अशा फाइल उघडून ठेवा, असे सांगावे लागले. उलट बाजूने, पूर्वी कुणी अशी फाइल वाटेत टिपून ठेवली असेल तर प्रमाणपत्र स्थगित करून ती सुरक्षित होत नाही. स्थगिती पुढच्या सह्या रोखते, मागची गुपिते नाही.

रांग आणि प्राधान्य

एका घोषणेसरशी लाखो लोक एकाच सर्व्हरवर आले तर काय होते ते आपण दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहतोच. तिथेही तेच झाले. दूरवरून होणारे अपडेट अडकू लागले, पोलीस कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. दूरवरून अपडेट करायचे तर आयडी सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती, चालणारा कार्ड रीडर आणि आठवणारा पिन, या तिन्ही गोष्टी हव्यात. पिन विसरलेल्याला कार्यालय गाठणे भागच. मध्येच कार्ड काढले किंवा जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

मग क्रम लावला गेला. स्थगितीच्या पहिल्या दिवसांत अपडेटची वाट फक्त ३५ हजार लोकांसाठी खुली ठेवली: डॉक्टर, नोंदणी कार्यालयांतले कर्मचारी, आणि ज्यांचे काम रोज या कार्डावरच अडते असे इतर. तिथे जवळपास सगळी प्रिस्क्रिप्शन डिजिटल असतात. औषध घेणाऱ्याला दुकानात कार्ड नुसते दाखवावे लागते, पिन लागत नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरला मात्र कार्ड चालू लागते. म्हणजे एका डॉक्टरचे कार्ड अडले तर त्याचे सगळे रुग्ण अडतात. प्राधान्य ठरवताना पद किंवा मान न पाहता, एका माणसाच्या अडण्याने किती जण अडतात हे पाहिले गेले. ही निवड बरोबर होती.

परदेशांतल्या ई-रेसिडेंटची, म्हणजे एस्टोनियात न राहता तिथले डिजिटल ओळखपत्र घेतलेल्यांची, अडचण वेगळी. या योजनेत भारतातूनही लोक आहेत. तालिनच्या पोलीस कार्यालयात जाणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्यासाठी दूरवरचे अपडेट हाच व्यवहार्य मार्ग होता.

परिणाम

३१ मार्च २०१८ पर्यंत ४ लाख ९४ हजार कार्डे अपडेट झाली. त्यांतली साधारण साडेतीन लाख लोकांनी स्वतः दूरवरून केली, बाकीची कार्यालयांत झाली. हा आकडा एकूण सदोष कार्डांच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास दिसतो, पण जी कार्डे प्रत्यक्ष डिजिटल कामाला वापरली जात होती त्यांच्यातले प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होते. उरलेल्या बहुतेकांच्या लेखी ते पाकिटातले छायाचित्रच होते.

या दोषाचा फायदा घेऊन एस्टोनियात कुणाची ओळख चोरल्याचे उघड झालेले नाही.

कार्डांच्या पुढच्या पिढीचा ठेका २०१७ च्या वसंतातच दुसऱ्या कंपनीला मिळालेला होता, ती नवी कार्डे २०१८ च्या अखेरीस आली. पण जुन्या ठेकेदाराचे प्रकरण मिटले नव्हते. एस्टोनियातल्याच तार्तू विद्यापीठातल्या संशोधनातून दिसले की काही हजार कार्डांच्या चाव्या चिपच्या आत बनल्याच नव्हत्या, त्या बाहेर बनवून कार्डात घातल्या होत्या. म्हणजे संकटात जो तिसरा रस्ता हमीला तडा जाईल म्हणून टाळला गेला, तो उत्पादक आधीच गुपचूप वापरत होता. २०१८ मध्ये त्या कार्डांची प्रमाणपत्रेही रद्द करावी लागली.

वेगळे काय करता आले असते

मोबाइल-आयडी हा सुरक्षित पर्याय हाताशी होता, पण तो घेणारे थोडे होते. संकटात लोक तिकडे वळले तेव्हा एक विचित्र गाठ दिसली: मोबाइल-आयडी सुरू करण्यासाठी आधी ओळखपत्राने लॉगिन करावे लागे. जादा किल्ली घरात ठेवून घराला कुलूप लावण्याचाच प्रकार. दुसरा मार्ग पहिल्यावर अवलंबून असेल तर तो दुसरा मार्ग नव्हेच. कुठल्याही सरकारी ओळख-व्यवस्थेची तपासणी करताना पर्याय किती आहेत हे मोजून थांबू नये. प्रत्येक पर्याय सुरू करायला काय लागते, त्याची रेघ मागे मागे ओढत न्यावी. दोन रेघा एकाच ठिकाणी पोहोचल्या तर पर्याय एकच.

दुसरी त्रुटी स्थगितीच्या वेळेची. निकष आधी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून २ नोव्हेंबरला घोषणा आणि ३ ला अंमल, अशी धावपळ झाली. निबंध कोणत्या आठवड्यात येणार हे सप्टेंबरपासून माहीत होते. ‘हल्ल्याची पद्धत जाहीर होईल त्या दिवशी, किंवा गैरवापराची पहिली खात्रीशीर नोंद होताच, जे आधी घडेल तेव्हा स्थगिती’ असे दोन ओळींचे सूत्र सप्टेंबरमध्येच ठरवता आले असते. मग प्राधान्य यादीतल्या ३५ हजार लोकांची कार्डे स्थगितीच्या आधीच्या आठवड्यात बदलून झाली असती. तोड ऑक्टोबरच्या अखेरीस तयार झाली, त्यामुळे फार मोठी उसंत नव्हती हे खरे. पण आठवडाभराची होती.

तिसरी गोष्ट पुरवठा-साखळीची. इन्फिनिऑनला फेब्रुवारीत कळलेला दोष कार्ड वापरणाऱ्या देशाला ऑगस्टच्या अखेरीस कळला, आणि तोही विक्रेत्याकडून नाही, संशोधकांकडून. आपण वेळेत सांगितले होते असे जेमाल्टोचे म्हणणे, आपल्याला कळवलेच नाही असे पोलिसांचे. करारात ‘दोष कळताच इतक्या तासांत, अमुक पदावरील व्यक्तीला, लेखी’ असे कलम असते तर या वादाला जागाच उरली नसती. आणि ते कलम फक्त ठेकेदाराला बांधून उपयोग नाही. त्याच्या चिप-पुरवठादारालाही तेच बंधन पुढे लावण्याची अट त्यात हवी.

आपल्याकडे सनदी लेखापाल, ठेकेदार आणि कंपन्यांचे संचालक जे डीएससी टोकन (डिजिटल सहीचे यूएसबी उपकरण) वापरतात, त्यांची रचना एस्टोनियाच्या कार्डासारखीच आहे: चावी चिपमध्ये आणि प्रमाणपत्राला काही वर्षांची मुदत. आधारवर चालणाऱ्या ई-साइनची रचना उलट आहे. तिथे चावी त्या एका सहीपुरती सेवा देणाऱ्याच्या यंत्रात बनते आणि प्रमाणपत्र अर्ध्या तासात संपते. रोकासारखा दोष तिथे निघाला तर लाखो टोकन परत मागवावी लागणार नाहीत. पण त्या रचनेत बहुतेक भार ओटीपीवर, म्हणजे शेवटी सिमकार्डावर येतो. एस्टोनियाने विचारलेला प्रश्न तिथे असा विचारावा लागेल: सिमवरचा विश्वास उद्या तात्पुरता स्थगित करावा लागला, तर कोणाच्या सहीने, किती तासांत आणि नागरिकाला दुसरी कोणती वाट देऊन?

भरपाईची हकिकतही इथेच. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलीस मंडळाने कार्ड उत्पादकाविरुद्ध १५२ दशलक्ष युरोंचा दावा लावला. त्याचा आधार रोकाचे गणित नव्हता, तर चिपबाहेर बनवलेल्या चाव्या आणि त्यातून मोडलेला करार हा होता. २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. एस्टोनियाला मिळाले २.२ दशलक्ष युरो.